प्लंबरची दुसरी फेरी

आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, दप्तरात माझा एक जबाब आहे. इंग्रजीत आहे, चार ओळींचा आहे आणि खोटा आहे. तो मागे घ्यावा म्हणून मी गेल्या वर्षी जाऊन आलो. तसं मला करता येत नाही, असं कळलं. म्हणून जे झालं ते इथे लिहितो आहे.

आम्ही ऑस्ट्रेलियात, टूवूंबा शहरापासून पाऊण तासावर राहतो. मुलगा पुण्याहून स्किल्ड व्हिसावर आला, आधी बरीच वर्षं मेलबर्नला ट्रुगानिनात होता. सुनेला टूवूंबाच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मुलाचं काम घरूनच चालायचं, तेव्हा त्यांनी गावाबाहेर पाच एकर जमीन आणि तिच्यावरचं जुनं घर घेतलं. मग आम्हा दोघांना बोलावून घेतलं. इथे कौन्सिलचं पाणी येत नाही. छपरावरचं पावसाचं पाणी टाक्यांत साठतं, तिथून पंपाने घरात येतं. सांडपाणी जमिनीतल्या सेप्टिक टाकीत जातं आणि तिथून चरांवाटे मातीत मुरतं. गाडी नसेल तर माणूस फाटकापर्यंत जाऊ शकतो, पुढे नाही. मला इथे गाडी चालवता येत नाही.

माझी सगळी नोकरी सरकारी पाणीपुरवठा खात्यात गेली. ओव्हरसियर म्हणून लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालो. हे सांगायचं कारण पुढे येईल.

बायकोचा उजवा हात आधीपासून थरथरायचा. इथे आल्यावर पायही अडखळायला लागले. जुन्या घराचं संडास-बाथरूम तीन पायऱ्या चढून होतं. मुलाने ठरवलं की शेडला लागून, चढाच्या बाजूला, आमच्यासाठी एक खोली आणि तिच्यातच बाथरूम बांधायचं. मी म्हटलं, पाइप मी टाकतो, मला काय नवीन आहे. त्याने हसून नियम वाचून दाखवले आणि छापून फ्रिजला लावले. मालकाला स्वतःच्या घरात नळाचा वॉशर बदलता येतो, शॉवरचं तोंड बदलता येतं. त्यापुढचं सगळं परवानाधारक प्लंबरने करायचं. नवं संडास, नवी मोरी, नवा चर असेल तर आधी कौन्सिलचं परमिट. मातीची तपासणी, नकाशा, मालकाची सही. चर खणल्यावर कौन्सिलचा माणूस पाइप पाहून जाईपर्यंत बुजवायचा नाही. शेवटी पुन्हा तपासणी, मग वापर. आणि कुणी परवान्याशिवाय काही केलं तर जबाबदार मालक.

मी म्हटलं, तीन तालुक्यांना पाणी पाजलंय मी, एका बेसिनला कसली परवानगी.

‘‘बाबा, तिथे तुम्ही साहेब होतात,’’ मुलगा म्हणाला. ‘‘इथे तुम्हाला वॉशर बदलायची परवानगी आहे. तेवढा बदला.’’

सून हसली. मीही हसलो. पण लागलं थोडं.

परमिट यायला दोन महिने गेले. मग प्लंबर आला. आमच्या बाजूच्या तीन-चार गावांत मिळून तो एकच होता. साठी केव्हाच उलटलेली, पांढऱ्या भुवया, लाल मातीने माखलेली गाडी. दारात न सांगता बूट काढायचा. मोज्यांना भोकं असायची, त्याची त्याला लाज नव्हती. मी पाण्याच्या खात्यात होतो हे कळल्यावर मला ‘बॉस’ म्हणायला लागला. चर कुठून न्यायचा, उतार किती ठेवायचा, हे मला विचारल्यासारखं करायचा. त्याला ते ठाऊक होतं, पण विचारायचा. इथे येऊन दोन वर्षं झाली होती आणि माझ्या कामाबद्दल मला कुणी काही विचारलं असं ते पहिल्यांदाच. बायकोला त्याने खुर्चीवर बसवलं, हात पुढे करायला लावला, आणि जिथे तिची बोटं पोचली तिथे भिंतीवर पेन्सिलने खूण करून आधाराची दांडी लावली. तिच्या हातचे शंकरपाळे तो चहात बुडवून खायचा आणि उरलेले डब्यात घालून न्यायचा.

पुण्याहून येताना मी संडासातला हातात धरायचा जेट आणला होता. आपल्याकडे आता घरोघरी असतो तसा, लांब लवचिक नळीचा. तो मी प्लंबरला दाखवला. त्याने उलटसुलट करून पाहिला, वस्तू छान आहे म्हणाला, आणि सांगितलं की असा नुसता जोडता येणार नाही. नळी लांब आहे, तोंड घाणीत पडू शकतं, आणि पाइपातला दाब गेला तर ती घाण उलटी ओढली जाऊन पिण्याच्या पाण्यात येते. त्यासाठी वेगळी छोटी टाकी हवी किंवा पाणी उलटं येऊ न देणारं खास यंत्र, आणि परमिटमध्ये तशी दुरुस्ती. त्याने हे हातवारे करून समजावलं. मी त्याला माझी गोष्ट सांगितली. एका तालुक्याच्या गावी काविळीची साथ आली होती. दिवसातून तासभर पाणी सुटायचं, बाकी वेळ पाइप रिकामे. गटारातून गेलेल्या फुटक्या पाइपातून ते रिकामे पाइप घाण ओढून घेत होते. ते मी शोधून काढलं होतं आणि त्याचा अहवाल माझ्या सहीने गेला होता.

‘‘म्हणजे तुला मी सांगायला नको, बॉस,’’ तो म्हणाला.

मी परमिटच्या दुरुस्तीचा अर्ज मुलाकडून मागवला. त्यावर मालकाची सही लागते, नकाशा लागतो. अर्ज त्याच्या लॅपटॉपशेजारी पडून राहिला. मी दोनदा आठवण केली. ‘‘हो बाबा, वीकेंडला.’’ त्याच्या मागे काम होतं, नातीची शाळा होती, सुनेच्या शिफ्ट होत्या. तिसऱ्यांदा विचारायचं माझ्याने झालं नाही. मुलाच्या घरात राहणाऱ्या माणसाने एक गोष्ट किती वेळा मागावी, याचा एक हिशोब मनात आपोआप तयार होतो.

बाथरूम झालं, कौन्सिलचा माणूस पाहून गेला, सगळं पास झालं. जेट पिशवीतच होता.

बायकोचं काय होत होतं ते लिहायला संकोच वाटतो, पण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. संडासात थरथरत्या हाताने तिला कागद धरता यायचा नाही, भरलेला मग उचलता यायचा नाही. ती मला हाक मारायची. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती आणि या एका कामासाठी तिने कधी मला हाक मारली नव्हती. मी आत जायचो तेव्हा ती भिंतीकडे बघत बसायची. पुढे ती दुपारनंतर पाणीच प्यायनाशी झाली.

एकदा ती म्हणाली, ‘‘अहो, तो पुण्याचा जेट काय देव्हाऱ्यात ठेवायला आणलाय?’’

त्यानंतर आठवड्याने फ्लशची टाकी गळायला लागली. मुलाने फोन केला, प्लंबर आला. ही त्याची दुसरी फेरी. त्याने टाकीतला व्हॉल्व्ह बदलला, दहा मिनिटांत काम झालं, शंकरपाळे घेऊन गेला. त्याने बिलावर व्हॉल्व्ह एवढंच लिहिलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी जेट मी लावला. टेफ्लॉन टेप माझ्याकडे होती, पाना मुलाच्या शेडमध्ये होता. वीस मिनिटं लागली. हात अजून चालतात याचा मला आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो. बायकोने त्या दिवशी मला एकदाही हाक मारली नाही. संध्याकाळी ती दोन भांडी पाणी प्याली.

मुलाने दोन दिवसांनी पाहिलं. ‘‘हा कधी लागला?’’

‘‘लागला,’’ मी म्हटलं.

त्याने पुढे विचारलं नाही.

चार महिने काही झालं नाही. मग एका दुपारी मी बाथरूममध्ये बादली भरत होतो. तिचे खराब झालेले कपडे बादलीत होते. जेटचा खटका अडकवून त्याचं तोंड मी बादलीत सोडलं होतं. बाहेर वादळ होतं. वीज गेली, पंप थांबला, पाणी थांबलं. मी जेट तसाच बादलीत ठेवून खालच्या घराकडे गेलो, फ्यूज उडालाय का पाहायला. आमची खोली चढावर, स्वयंपाकघर उतारावर. सुनेने स्वयंपाकघरातला नळ उघडला. पाणी बारीक धारेने येत होतं. ‘‘येतंय थोडं, भरून ठेवते,’’ असं म्हणून तिने जग भरला. मी तिथेच उभा होतो. पंप बंद असताना हे पाणी येतंय कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. याच प्रश्नावर मी एकदा अख्खा अहवाल लिहिला होता. मला तो पडला नाही. मी टॉर्च शोधत होतो. वर जाऊन पाहिलं तेव्हा बादली अर्धी झाली होती. तरीही मी एवढंच म्हटलं, की बादली गळते वाटतं.

दुसऱ्या दिवशी घरात सगळ्यांना जुलाब-उलट्या. नात दोन दिवसांत उठली, आम्ही तिघंही सावरलो. बायकोला हॉस्पिटलात नऊ दिवस ठेवावं लागलं. ती परत आली ती स्ट्रेचरवरून. त्यानंतर ती कधी उभी राहिली नाही.

हॉस्पिटलाने विचारलं की टाकीचं पाणी पिता का, आणि कौन्सिलला कळवलं. माणूस आला. टाकीतलं पाणी तपासलं, स्वयंपाकघराच्या नळाचं तपासलं, मग चढावर आमच्या बाथरूममध्ये आला. जेटसमोर उभा राहिला आणि हातातल्या टॅबवर आधीची नोंद पाहिली. शेवटच्या तपासणीत हे नव्हतं, असं तो मुलाला म्हणाला. मालक तुम्ही ना? हे कुणी बसवलं?

मुलगा माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, टाइल्सकडे पाहत राहिला. माझ्या डोक्यात तेव्हा काय काय होतं ते आजही मोजून सांगता येईल. फ्रिजवरचा कागद, जबाबदार मालक. आम्हा दोघांच्या पेरेंट व्हिसाचा अर्ज, जो अजून अडकलेला आहे. आणि हॉस्पिटलात असलेली ती. पण या सगळ्याच्या आधी डोक्यात आलं होतं ते असं, की पाणीपुरवठा खात्याच्या अभियंत्याने स्वतःच्या बायकोला गटाराचं पाणी पाजलं. हे मला कुणासमोर उच्चारता आलं नसतं.

मी म्हटलं, प्लंबरने. दुसऱ्या फेरीत आला होता, फ्लश गळत होता तेव्हा.

त्याने विचारलं, नक्की? त्या प्लंबरला मी ओळखतो, तो असं करणार नाही.

मी म्हटलं, नक्की. माझ्यासमोर.

त्याने ते टॅबवर लिहिलं, मला वाचून दाखवलं, आणि मी काचेवर बोटाने सही केली. तो गेला. मुलगा ‘‘ठीक आहे,’’ एवढंच म्हणाला. त्याला माहीत होतं. आम्ही दोघांनी मिळून ते माहीत नसल्याचं ठरवून टाकलं.

बायको घरी आल्यावर तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं, जेट काढलात, मग कुणी लावला म्हणून सांगितलंत? मी सांगितलं.

‘‘माझ्यासाठी केलंत असं कुणाला सांगू नका,’’ ती म्हणाली. ‘‘जेट माझ्यासाठी लावलात. हे दुसरं माझ्यासाठी नाही केलंत.’’

महिन्याभराने प्लंबर फाटकाशी आला. घरात मी आणि ती. मी फाटकापर्यंत गेलो. तो गाडीतून उतरला पण फाटक उघडलं नाही. त्याने सांगितलं की परवाना देणाऱ्यांनी त्याला पत्र पाठवलं आहे, त्याने नाही म्हटलं आहे, पण माझा जबाब आहे आणि त्यावर सही आहे.

‘‘बॉस, मी ते बसवलं नाही, हे तुला ठाऊक आहे,’’ तो म्हणाला. ‘‘तू त्यांना फोन केलास तरी पुरेल.’’

मी हाताने कानाकडे खूण केली आणि म्हटलं, सॉरी, नो इंग्लिश. माझा मुलगा घरी नाही.

याच माणसाशी मी दोन आठवडे चराच्या उतारावर इंग्रजीत गप्पा मारल्या होत्या. तो चिडला असता तर बरं झालं असतं. मग त्याने विचारलं, मिसेस कशा आहेत? मी तेही न कळल्यासारखं केलं. तो गाडीत बसून गेला.

पुढचं मला मुलाकडून तुकड्यातुकड्याने कळलं. हार्डवेअरच्या दुकानात लोक बोलत होते. त्याला भांडता आलं असतं, पण त्याने या वयात कुठे भांडत बसू म्हणून परवाना परत केला. गाडी विकली. मुलीकडे किनाऱ्यावर राहायला गेला, कुठल्या गावी ते कुणाला नीट माहीत नव्हतं. आता आमच्या भागात कुणाचा पाइप फुटला तर टूवूंबाहून माणूस यायला चार दिवस लागतात. आमच्या शेजारणीने एकदा सुनेला ऐकवलं की तुमच्या घराच्या भानगडीत आमचा प्लंबर गेला. सुनेने घरी येऊन ते सांगितलं आणि माझ्याकडे न बघता भाजी चिरायला घेतली.

गेल्या वर्षी मी खरा जबाब लिहून काढला. नातीने टाइप करून दिला. तिने वाचला असणार, पण ‘‘ओके, आजोबा, डन’’ यापलीकडे ती काही बोलली नाही. सुनेला म्हटलं, शिफ्टला जाताना मला लायब्ररीत सोड. लायब्ररी आणि कौन्सिलचं ऑफिस एकाच आवारात आहे. काउंटरवरची बाई फार चांगली होती. तिने मला बसायला खुर्ची दिली, कागद पूर्ण वाचला, दोनदा माझ्याकडे पाहिलं. मग तिने हळू आवाजात समजावलं. फाइल मालमत्तेच्या नावावर असते. प्रकरण बंद झालं आहे. ते उघडायचं तर अर्ज मालकाने करायचा, किंवा त्या प्लंबरने. आपण मालक आहात का?

मी म्हटलं, मालकाचा बाप आहे.

ती म्हणाली, मग त्यांची सही आणा. तिने कोरा फॉर्म दिला. मी म्हटलं, तुम्ही हा माझा कागद नुसता फाइलला लावून ठेवा. तेही तिला करता येत नव्हतं. मी विचारलं, त्या प्लंबरचा पत्ता द्याल का? तो तर मुळीच देता येत नव्हता. तिने मला पाण्याचा ग्लास आणून दिला. सुनेची शिफ्ट संपेपर्यंत मी लायब्ररीत बसून राहिलो.

मुलाला फॉर्म दाखवला. तो रागावला नाही. फॉर्म वाचला, बाजूला ठेवला.

‘‘बाबा, तुम्ही खरं सांगितलंत की नोटीस माझ्या नावाने येते. मालक मी आहे.’’

‘‘येऊ दे. मी येतो तुझ्याबरोबर, सांगतो.’’

‘‘आणि तुमचा व्हिसा? खोटा जबाब दिला असं लिहून देणार तुम्ही, सहीने. त्यांनी नाही म्हटलं तर? आईला या अवस्थेत विमानात कशी घालू? सांगा ना. मी करतो सही.’’

त्याने खरंच पेन उचललं होतं. आतल्या पलंगावर ती सगळं ऐकत होती. तिला काय म्हणायचं होतं ते मला माहीत आहे, आणि ते म्हटलं तर आपलं काय होईल हे तिला माहीत आहे. मुलाने पेन खाली ठेवलं. व्हिसा झाला की करू, म्हणाला. व्हिसाला अजून किती वर्षं, कुणी सांगत नाही. मी एक्याऐंशीचा आहे.

मुलाला मी दोष देत नाही. अर्ज तीन आठवडे त्याच्या टेबलावर होता, हे खरं. पण पाना त्याने उचलला नव्हता.

त्या प्लंबरला मराठी येत नाही. हे त्याच्यापर्यंत जाणार नाही. तरीही कुठेतरी असावं म्हणून लिहून ठेवतो. पहिल्या फेरीत त्याने परमिटप्रमाणे काम केलं आणि ते पास झालं. दुसऱ्या फेरीत त्याने फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह बदलला आणि तो निघून गेला. जेटला त्याने हात लावला तो एकदाच, मी पिशवीतून काढून दाखवला तेव्हा, आणि तेव्हा त्याने नाही म्हटलं होतं. दुसऱ्या फेरीनंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, घरात आम्ही दोघंच असताना, संडासाच्या उजव्या भिंतीला जमिनीपासून दोन फुटांवर मी तो जोडला. मला कुणी सांगितलं नव्हतं. नियम मला माहीत होता, आणि तो का आहे हेही.